फॅक्स जात नाही? आधी भिंतीवरची डबी बघा

घरच्या ऑफिसातला ऑल-इन-वन प्रिंटर छापतो, स्कॅन करतो, झेरॉक्सही काढतो, फक्त फॅक्स अडतो. अशा वेळी कार्ट्रिज बदलण्यात किंवा ड्रायव्हर पुन्हा टाकण्यात दिवस घालवू नका. कॉम्प्युटर बाजूला ठेवा आणि मशीनच्या पॅनेलवरून नंबर दाबून एकच पान पाठवा. ते गेलं तर भानगड कॉम्प्युटरच्या फॅक्स ड्रायव्हरमध्ये आहे. नाही गेलं तर बहुतेक वेळा दोष लाइनीत किंवा वायरीत सापडतो, म्हणून तपासणी भिंतीपासून मशीनकडे करायची.

साधा वायरवाला टेलिफोन थेट भिंतीवरच्या रोझेटमध्ये, म्हणजे फोनच्या डबीत, लावा. रिसीव्हर उचलून एक आकडा दाबा आणि ऐका. आकडा दाबल्यावर डायल टोन थांबला पाहिजे आणि मागे पूर्ण शांतता हवी. खरखर, गुणगुण किंवा दुसऱ्याचं बोलणं पुसट ऐकू आलं तर मशीनला हात लावायचं कारण नाही. बोलताना कान ती खरखर सोडून देतो, मोडेमला, म्हणजे मशीनमधल्या फॅक्सचे सूर पाठवणाऱ्या-ऐकणाऱ्या भागाला, ते जमत नाही. डबीचं झाकण काढून बघा. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या दमट हवेने तांब्याच्या वायरीच्या टोकांवर हिरवट थर चढतो. थर चढलेलं टोक कापा, अर्धा-पाऊण इंच ताजी तार सोला आणि स्क्रूखाली घट्ट आवळा. लाइनीवर एरवी साधारण ४८ व्होल्ट डीसी असतं, पण रिंग वाजताना ७५ ते ९० व्होल्ट एसी येतं आणि ते चांगलं झोंबतं. म्हणून उघड्या तारेला हात लावू नका, पकडीने काम करा.

आता वायर. मशीनच्या मागे दोन सारखी दिसणारी भोकं असतात. एकावर ‘लाइन’ किंवा १ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘एक्स्ट’, ‘टेल’ किंवा २. भिंतीकडून येणारी वायर ‘लाइन’मध्येच जायला हवी. दुसरं भोक जोडीच्या टेलिफोनसाठी आहे. ही अदलाबदल फार होते, विशेषतः टेबल हलवल्यानंतर. मशीनच्या खोक्यात आलेलीच आरजे-११ वायर वापरा आणि मधले टू-वे अडॅप्टर, दहा मीटरची जुनी एक्स्टेंशन, सर्ज प्रोटेक्टरमधून फिरवलेली लाइन, हे सगळं तपासापुरतं काढून टाका. तांब्याच्या लाइनीवर ब्रॉडबँड असेल तर स्प्लिटरच्या, म्हणजे फोन आणि इंटरनेट वेगळं करणाऱ्या डबीच्या, ‘फोन’ लिहिलेल्या भोकातून वायर घ्या, नाहीतर इंटरनेटचा सिग्नल फॅक्सच्या आवाजात मिसळतो. आतल्या खोलीत त्याच लाइनीवर दुसरा फोन असेल तर फॅक्स चालू असताना कोणी उचलायचा नाही. उचलला की पान तुटलंच.

एचपीच्या फॅक्सवाल्या मशीनमध्ये सेटअप मेनूत ‘फॅक्स टेस्ट’ आहे. ती हार्डवेअर, भिंतीवरची लाइन, वायर योग्य भोकात आहे का, वायरीचा प्रकार, डायल टोन आणि लाइनीची स्थिती हे सगळं तपासून कागदावर छापते. इतका आयता अहवाल मिळत असताना अंदाज कशाला बांधायचा?

फोन चालतो, तरी मशीन ‘नो डायल टोन’ म्हणत असेल तर सेटिंगमध्ये देश कोणता निवडलाय ते बघा. भारतातला डायल टोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा असतो. अमेरिकेतला ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून बनतो. नातेवाइकांनी तिकडून आणलेलं मशीन आपला टोन कधीकधी ओळखतच नाही. देश बदलूनही जमलं नाही तर डायल टोन ओळखण्याची सोय बंद करा. इमारतीत ईपीएबीएक्स, म्हणजे आतल्या फोनांचं छोटं एक्स्चेंज, असेल तर बाहेरच्या लाइनीसाठी ० किंवा ९ दाबल्यावर नंबरात ‘पॉज’ घाला, म्हणजे दोन-तीन सेकंद थांबून पुढचे आकडे जातील. पॉज नसेल तर पहिले एक-दोन आकडे हवेतच विरतात. सिमकार्डवर चालणाऱ्या टेबलफोनचा नाद मात्र सोडा. मोबाइलचं जाळं आवाज माणसाच्या बोलण्याच्या हिशेबाने दाबतं, त्यात फॅक्सचे सूर टिकत नाहीत.

फायबरवर गोष्ट वेगळी. बीएसएनएल असो वा खासगी कंपनी, फायबर आली की लँडलाइन घरातल्या ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिला जोडतात त्या डबीच्या, ‘फोन’ भोकातून मिळते आणि आवाज इंटरनेटसारखा तुकड्या-तुकड्यांनी जातो. २० मिलिसेकंदांचा एखादा तुकडा हरवला तर बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही, फॅक्स मात्र तिथेच अडखळतो. ओळखायची खूण सोपी आहे: एक पान जातं, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ‘कम्युनिकेशन एरर’ येतो. अशा लाइनीवर मशीनला मुद्दाम सावकाश करायचं. ३३,६०० बीपीएसवरून (बिट दर सेकंद) १४,४०० वर या, तरी तुटलं तर ९,६०० वर. एचपीत हे ‘फॅक्स स्पीड’मध्ये फास्ट, मीडियम, स्लो असं मिळतं. ब्रदरमध्ये ‘कंपॅटिबिलिटी’त ‘बेसिक (फॉर व्हीओआयपी)’, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनसाठीचा पर्याय, निवडलं की वेग ९,६०० होतो आणि ईसीएमही बंद होतो.

ईसीएम म्हणजे चूक सापडली की तेवढा भाग पुन्हा मागवायची सोय. तांब्याच्या लाइनीवर ती चालूच ठेवावी. फायबरवर मात्र पुन्हा मागवण्याचाच सपाटा लागतो आणि शेवटी कॉल तुटतो. बंद केलं तर पान पोचतं, एखादी ओळ चिरफाळलेली येऊ शकते. म्हणून रकमा किंवा खाते क्रमांक असलेलं पान पाठवलं तर समोरच्याला फोन करून आकडे वाचून घ्या. ईसीएम बंद असताना रंगीत फॅक्स जात नाही, तोही दोष समजू नका.

एवढं करूनही तुटत असेल तर कंपनीकडे ‘फॅक्स चालत नाही’ एवढीच तक्रार नोंदवू नका. या लाइनीवर टी.३८, म्हणजे इंटरनेटच्या जाळ्यावरून फॅक्स नेण्याची पद्धत, चालू करता येईल का ते विचारा. नसेल तर कोडेक (आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत) जी.७११ ए-लॉ ठेवा आणि जी.७२९ काढा, असं स्पष्ट सांगा. जी.७११ आवाजाला ६४ केबीपीएस देतं, जी.७२९ फक्त ८, आणि त्या ८ मध्ये फॅक्सचा सूर मोडतो. आणखी एक लक्षात असू द्या. वीज गेली आणि ओएनटीला यूपीएस नसला की फॅक्सही गेला. तांब्याच्या लाइनीला एक्स्चेंजची बॅटरी तरी होती.

फॅक्स जातो पण येत नाही, असं असेल तर ‘ऑटो आन्सर’ चालू आहे का बघा. लाइन फक्त फॅक्सची असेल तर २ रिंगांवर उचलू द्या. त्याच लाइनीवर बोलणंही होत असेल आणि आन्सरिंग मशीन जोडलेलं असेल तर आन्सरिंग ४ रिंगांवर आणि फॅक्स त्याहून जास्तवर ठेवा. आधी आन्सरिंग उचलतं आणि फॅक्स मागून कान देऊन पाठवणाऱ्या मशीनचा ११०० हर्ट्झचा ‘पीप’ ऐकतो. ‘डिस्टिंक्टिव्ह रिंग’ (ठरावीक प्रकारच्या रिंगलाच उचलणं) हा पर्याय असेल तर तो ‘ऑल रिंग्ज’वर हवा. कॉल वेटिंग बंद करून घ्या, तो बीप अर्ध्या पानात घुसतो.

पाठवलेल्या पानांवर उभी काळी रेघ येते अशी तक्रार आली तर तेच पान फीडरमधून घालून झेरॉक्स काढा. झेरॉक्सवरही रेघ असेल तर मोठी काच पुसून उपयोग नाही. तिच्या कडेला बोटभर रुंदीची काचेची पट्टी असते, फीडरमधून जाणारा कागद तिच्यावरून वाचला जातो. व्हाइटनरचा किंवा गोंदाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका तिथे बसला की प्रत्येक पानावर रेघ. धागे न सुटणारं कापड किंचित ओलं करून पुसा, खरवडू नका.

वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि नंतर छपाई ठीक पण ‘नो डायल टोन’, त्याच डबीवर फोन मात्र वाजतो, वायर आणि सेटिंगही तपासून झालं, असं असेल तर मशीनमधला फॅक्स मोडेम जळला असण्याची शक्यता मोठी. नुसत्या मेन स्विचने तो वाचत नाही, गडगडाट सुरू झाला की टेलिफोनची वायरही काढावी लागते. मशीनची वीज बंद करण्याआधी मेमरीत आलेले फॅक्स छापून घ्या. शाई संपली असेल तर ते तिथे अडकलेले असतात, आणि बऱ्याच मशीनमध्ये वीज बंद केली की पुसले जातात.