मधुमेहात रस, काढे, चूर्णं घेताय? या चुका टाळा

टाइप 2 मधुमेह असलेल्या घरात 'जोडीला काहीतरी आयुर्वेदिक' असतंच. रात्री भिजवलेली मेथी, जांभूळबीचं चूर्ण, गुडमार या वेलीच्या पानांच्या गोळ्या, दालचिनीचं पाणी. यातल्या काहींचा थोडाफार उपयोग होतो. बिघडतं ते या गोष्टी औषधात धरल्या जात नाहीत म्हणून. मात्रा अंदाजाने घेतली जाते, वहीत नोंद नसते आणि डॉक्टरांना तर काहीच सांगितलेलं नसतं.

कारलं-दुधीचा मिक्स रस

ठाण्यात उपवनला, मासुंदा तलावावर किंवा नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत सकाळी फिरून आलं की घरी हा रस घेणारे पुष्कळ आहेत. या लेखातली सर्वांत धोक्याची चूक हीच. दुधी क्वचित कडू निघतो. तो कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो. त्याने काही वेळातच पोटात कळा, जुलाब, रक्ताच्या उलट्या सुरू होतात आणि रक्तदाब कोसळतो. आपल्या देशात यात माणसं दगावली आहेत. नुसता दुधी कडू असला तर पहिल्याच घोटाला कळतं. कारल्यात मिसळला की कळायला मार्गच उरत नाही. म्हणूनच आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) तज्ज्ञ समितीने दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका असं सांगितलं होतं.

दुधी कापला की देठाकडचा आणि टोकाकडचा छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेका. शिजवूनही त्याचा भरवसा धरू नका. रस प्यायल्यावर मळमळ सुरू झाली तर लिंबूपाणी घेत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. यावर उतारा नाही, सलाइन वेळेत लागणं महत्त्वाचं. आमच्या मते कारलं भाजीतच खावं, दुधीही भाजीतच.

मेथी: पाणी प्यायलं, दाणे टाकले

मेथीचं बरंचसं काम तिच्यातला चिकट तंतू करतो. तो जेवणातली साखर रक्तात हळू उतरू देतो. नुसतं पाणी पिऊन दाणे फेकले तर कामाचा भाग कचऱ्यात जातो. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा, आठवड्याने एक चमचा (साधारण 4 ते 5 ग्रॅम) करा आणि दाणे चावून खा. पहिल्याच दिवशी दोन-तीन चमचे घेतले तर पोट फुगतं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने आधीच जुलाब होत असतील तर त्रास वाढतो आणि दोष जातो गोळीवर.

हाच तंतू गोळ्याही अडवतो. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि लगेच मेथी किंवा इसबगोल, असं घेणाऱ्या बायका पुष्कळ असतात. मग थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच का वाढला हे कोणालाच उमगत नाही. त्या दोन्हींत चार तास ठेवा. सोपा उपाय म्हणजे मेथी रात्रीच्या जेवणासोबत घ्या. इसबगोल मात्र भरपूर पाण्यासोबतच घ्यायचं, नाहीतर ते घशात अडकतं.

दालचिनी कोणती?

वाशीच्या मसाला मार्केटात असो की गल्लीतल्या दुकानात, स्वस्त दालचिनी बहुधा कॅसिया असते. जाड, टणक, एकाच वळीची साल. सिलोनची साल पातळ असते, पदरावर पदर असतात आणि बोटांनी चुरते. कॅसियात कूमरिन जास्त असतं, ते यकृताला त्रास देऊ शकतं. युरोपातली मर्यादा वजनाच्या दर किलोमागे रोज 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. रोज चमचाभर कॅसियाची पूड घेतली तर ती सहज ओलांडली जाऊ शकते. चहात चिमूटभर टाकण्याला हरकत नाही.

जांभूळबी

बदलापूरची जांभळं येतात तोवर पाऊस दारात. घरी वाळवलेल्या बिया ठाण्याच्या दमट हवेत आतून ओल्या राहतात, आणि बुरशीला तेवढं पुरतं. बी दाताखाली कडकन फुटली पाहिजे. चूर्णाला कुबट वास आला तर फेकून द्या.

साखर भलतीच उतरली तर

बिनलेबलच्या पुडीने दोन दिवसांत साखर 100 ने उतरली तर खूश होऊ नका. वनस्पतीचा परिणाम इतका झटपट नसतो. अशा 'हर्बल' मालात ग्लिबेनक्लमाइडसारखं साखर उतरवणारं अॅलोपॅथीचं औषध मिसळलेलं सापडलेलं आहे. पुडी जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) तक्रार करा. आयुर्वेदिक औषधाच्या डबीवर उत्पादन परवाना, बॅच नंबर आणि घटकांची मात्रा हवी. फूड सप्लिमेंटवर एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर असतो. 'मधुमेह मुळापासून बरा' ही जाहिरात 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंद आहे, त्यामुळे असं छापणाऱ्याचा माल हातात घ्यायचं कारणच नाही.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना गुडमार, कारलं जोडलं तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, एकदम भूक ही लक्षणं. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा नको, त्यातलं तूप साखर रेंगाळवतं. गुडमारचं चूर्ण जिभेवर असेल तर ग्लुकोज वाळूसारखं बेचव लागेल, तरी प्यायचंच. रक्तात ते नेहमीसारखंच काम करतं.

काहीच फरक पडत नसेल तर

आधी ग्लुकोमीटर बघा. फळ कापलेल्या बोटाने रीडिंग जास्त येतं. पावसाळ्यात स्ट्रिपची डबी उघडी राहिली की आकडे भरकटतात. मग एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. बारा वनस्पतींच्या मिश्रणात कशाने काय झालं आणि काय नाही, हे कधीच ठरवता येत नाही. आधी दोन आठवडे उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर लिहा, मग चूर्ण चालू करून चार आठवडे तेच करा. एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) तीन महिन्यांच्या आत करून पैसे घालवू नका. डॉक्टरांना न विचारता गोळी मात्र कमी करायची नाही.

लघवी गडद, अंगाला खाज, डोळे पिवळे, असं काही दिसलं तर ही सगळी चूर्णं, काढे थांबवून एसजीपीटी ही यकृताची तपासणी करा. गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, पण तपासणीला फारसा खर्च नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल, तर धातूंची भस्मं असलेल्या गोळ्या वैद्यांना रिपोर्ट दाखवल्याशिवाय घेऊ नका. मोतीबिंदूचं का होईना, ऑपरेशन ठरलं की सगळ्या डब्या सर्जनना दाखवा. बहुतेक दोन आठवडे आधी बंद करायला सांगतील.