सत्र सुरू होण्याआधी लॅबची कुलपं

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची सुरक्षा करताना सुरुवात कॅबिनेटपासून, म्हणजे मशीनच्या डब्यापासून करा, पासवर्ड नंतर. बायोसला (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्रॅम) पासवर्ड घातला तरी बऱ्याच डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी काढली किंवा जंपर (बोर्डवरच्या पिनांवरची छोटी टोपी) हलवला की तो पुसला जातो. बाजूचं झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असतं आणि ते हातानंही फिरतात. रॅम चोरीला जाते तीही तिथूनच. मागं कडी असेल तर तिला छोटं कुलूप घाला. ७ बाय ३ मिलिमीटरची फट असेल तर केबल लॉक बसवा आणि मग झाकण सरकवून बघा. ३० मशीनला दोन जादा धरून ३२ कुलपं घ्या, सगळी एका मास्टर किल्लीची. केबल टेबलाच्या पायाला गुंडाळू नका, टेबल चार बोटं उचललं की फास खालून निघतो. फळीतून आरपार बोल्ट घालून खाली रुंद वायसर लावा. पार्टिकल बोर्डात मारलेला नुसता स्क्रू ओढल्यावर भुशासकट बाहेर येतो.

मग बायोस: सुपरवायझर पासवर्ड घाला, यूएसबी आणि नेटवर्क बूट बंद करा, सिक्युअर बूट (खात्रीच्याच सिस्टीमला चालू होऊ देणारी सोय) चालू करा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, यानंतरच. उलट क्रमानं गेलात तर बायोसमधल्या बदलानंतर पुढच्या बूटला ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती कागदावर विभागाच्या कपाटात हवी. विद्यार्थ्यांना साधं खातं द्या. एकाच इमेजवरून (तयार डिस्कची पूर्ण नक्कल) सगळी मशीन भरली असतील तर अॅडमिनचा पासवर्ड प्रत्येकावर वेगळा करा, नाहीतर एक फुटला की तीसही उघडी.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लॅबमध्ये एकाच मशीनवर सकाळी मराठीतला प्रकल्प आणि दुपारी कन्नडमधला अर्ज टाइप होतो. कीबोर्ड तयार नसला की पोरं टायपिंगचं सॉफ्टवेअर झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर आणतात, आणि बरोबर शॉर्टकट व्हायरस येतो. फोल्डरच्या चित्रावर डावीकडे खाली बारीक बाण दिसतो. खरा फोल्डर लपवलेला असतो. डबल क्लिक केलं की व्हायरस चालतो आणि फोल्डरही उघडतो, म्हणून संशयच येत नाही. विंडोजमध्ये दोन्ही भाषांचे कीबोर्ड आणि निर्मला यूआय फॉन्ट आहेतच. ते प्रत्येक खात्यात आधीच जोडून ठेवा. आमच्या मते या यादीतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम हेच.

रीस्टार्टला डिस्क मूळ अवस्थेत आणणारं सॉफ्टवेअर लावाल तर अपडेटही पुसली जातात. आठवड्यातून एक दिवस ते सॉफ्टवेअर तेवढ्यापुरतं बंद ठेवून अपडेट घ्या. पावसाळ्यात करंट गेला की तोही रीस्टार्टच, मशीन परत चालू होताच सी ड्राइव्हवर ठेवलेलं जर्नलही गेलेलं असतं. म्हणून यूपीएस लावा, प्रत्येकाला सर्व्हरवर स्वतःचं फोल्डर द्या आणि काम तिथंच ठेवा अशी पाटी दोन्ही भाषांत भिंतीवर चिकटवा.

अटेंडरला एवढं पाठ हवं: मशीनवर हल्ला झालाय असं वाटलं तर नेटवर्कची केबल काढायची, मशीन बंद करायची नाही आणि लगेच एचओडींना (विभागप्रमुखांना) फोन करायचा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावी लागते.