पेडल सोडल्यावर तार सुरात परत येत नसेल तर

नेरूळच्या दमट हवेत माझ्या पेडल स्टील गिटारची (आडवी ठेवून वाजवायची, पेडलने तारांचा स्वर बदलणारी गिटार) सहावी तार, जी शार्पचा ए करणारं बी पेडल सोडल्यावर, जी शार्पवर परत येईना, किंचित चढीच राहायची. स्प्रिंग बदलण्याआधी चेंजर, म्हणजे पेडल दाबल्यावर तारेचा ताण बदलणारी यंत्रणा, बघा. जुन्या फेंडर १००० मध्ये पेडलची ओढ केबलने जायची. आताच्या ऑल-पुल गिटारीत (स्वर चढवणं आणि उतरवणं दोन्ही ओढूनच होतं अशा) सळ्या असतात आणि चेंजरची सगळी बोटं, म्हणजे तारा ज्यांवरून जातात ते धातूचे तुकडे, एकाच आसावर फिरतात. तिथेच जुनं तेल धूळ धरून चिकट झालं होतं. लायटर फ्लुइडचे थेंब सोडून पेडल भरपूर हलवलं, काळा मळ फडक्याने टिपला, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. मोकळी तार खुंटीवर जुळवली, पेडल दाबून ए स्वर सळीच्या टोकाच्या नायलॉन नटवर. खिडक्या उघड्याच ठेवा, लायटर फ्लुइड चटकन पेट घेतं.