निर्गुडीचं तेल कसं कढवावं

माणगंगा, येरळा आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठानं निर्गुडी भरपूर. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून बांधालाही ठेवतात. एका देठावर तीन किंवा पाच पानं, खालून पांढुरकी. चुरगळली की उग्र वास. फुलं निळसर जांभळी. जवळपास घाणेरी असतेच, पण तिचं पान सुटं आणि खरखरीत.

पाला पाऊस उघडल्यावर, दव वाळल्यावर तोडावा. फवारणी होणाऱ्या द्राक्षबागेलगतचा नको.

पाव लिटर तेलासाठी ५०० ग्रॅम पाला जाडसर कुटून ४ लिटर पाण्यात उकळायचा. आटून १ लिटर राहिला की काढा गाळायचा. आणखी ६० ग्रॅम कोवळा पाला पाट्यावर बारीक वाटायचा. तेल तिळाचं, घाण्यावरचं. करडईचं स्वस्त पडत असलं तरी ते हवेनं चिकट होतं, या कामाला नको.

जाड बुडाचं ३ लिटरचं पातेलं घ्या, कारण शेवटी फेस वर येतो. तेल, काढा, वाटण एकत्र करून मंद आचेवर ठेवा आणि बुडापासून ढवळत राहा. पाणी आटत आलं की वाटण तळाला धरतं; खरं लक्ष तिथं हवं. घाईनं जाळ वाढवला तर पाला करपतो, तेल काळं पडून जळका वास येतो आणि ते कामातून जातं.

झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. थोडा गाळ चिमटीत घेऊन वळा. वात वळली पाहिजे. ती जाळावर धरा: तडतडली तर पाणी शिल्लक आहे. तसंच उतरवलं तर तेल लवकर खवट होतं, बुरशीही धरते. न तडतडता जळली की लगेच उतरवून कोमट असतानाच फडक्यातून पिळा. बाटली काचेची, उन्हात खडखडीत वाळवलेली.

गुडघे, कंबर, मुरगळा यांवर कोमट करून हलक्या हातानं चोळतात, वर निर्गुडीचीच पानं तव्यावर गरम करून शेकतात. आधी मनगटाला लावून एक दिवस पाहा. जखमेवर, डोळ्यांजवळ लावू नये, पोटात तर मुळीच घेऊ नये. सांधा लाल, गरम होऊन ताप आला असेल किंवा हाड मोडल्याची शंका असेल, तर तेल बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

उरलेला पाला सावलीत वाळवून ज्वारीच्या कणगीत थराथरानं घालतात, किडे कमी लागतात.