पेटंटचे निकाल वाचणं सोपं, त्यांचा माग ठेवणं अवघड

पेटंटच्या कामात नव्यानं आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "रोज केस लॉ वाचत जा." कुठून वाचायचं आणि वाचलेल्याचं पुढे काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मी रसायनशास्त्रातून इकडे आले, वकिलीचं शिक्षण नव्हतं. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने वाचत होते खूप आणि हाती लागत होतं फार थोडं. एफईआर (पेटंट कार्यालयाचा पहिला तपासणी अहवाल) म्हणजे काय, हिअरिंगनंतर लेखी म्हणणं कसं द्यायचं, पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये (कशाला पेटंट मिळत नाही त्याची यादी) काय काय आहे, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढचं लिहितेय.

आधी हे कळू द्या की एवढा पूर का आलाय. एप्रिल २०२१ मध्ये आयपीएबी, म्हणजे बौद्धिक संपदेचं अपील मंडळ, बंद झालं. कंट्रोलरच्या (पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याच्या) आदेशावरची कलम ११७ए खालची अपिलं थेट उच्च न्यायालयांकडे गेली. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैमध्ये स्वतंत्र बौद्धिक संपदा विभाग काढला, पुढे मद्रास आणि कलकत्त्यानंही काढला. कलम ३ ची ३(डी), ३(ई), ३(के) ही पोटकलमं, डिव्हिजनल (मूळ अर्जातून वेगळा काढलेला अर्ज), क्लेममधल्या (नेमकं कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या भागातल्या) दुरुस्त्या, अशा मुद्द्यांवर पूर्वी शोधून शोधून चार आदेश मिळायचे. आता एकाच मुद्द्यावर दोन न्यायालयांचे, कधी एकाच न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींचे वेगवेगळे निकाल मिळतात. सगळं वाचून होणार नाही. कुणाचंच होत नाही, "मी सगळे वाचतो" म्हणणाऱ्यांचंही नाही.

सुरुवात इंडियन कानून या निकाल शोधायच्या साइटपासून करा. फुकट आहे आणि नवख्याला पुरतं. पण तिथल्या शोधपेटीत नुसते शब्द टाकून एंटर मारत असाल, तर अर्धंच वापरताय. नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हात टाका. दोन गोष्टी एकत्र हव्या असतील तर 'अँड' लिहिताना शेवटी दोन डी लागतात, 'ऑर'ला दोन आर, 'नॉट'ला दोन टी, आणि सगळी अक्षरं कॅपिटल. हे माहीत नसल्यानं कितीतरी जण तिथे काही सापडत नाही म्हणतात. न्यायालय निवडा, क्रम 'सर्वांत अलीकडचे आधी' असा लावा. कलमाचा आकडा एकटा टाकू नका, कारण डिव्हिजनलचं कलम १६ घ्या, कलम १६ कुठल्या कायद्यात नाही? सोबत 'पेटंट्स अ‍ॅक्ट' आणि 'डिव्हिजनल अ‍ॅप्लिकेशन' असे शब्द हवेतच.

दुसरी जागा म्हणजे त्या त्या न्यायालयाची स्वतःची साइट. दिसायला रूक्ष, कॅप्चा भरून जीव जातो, पण खरा कागद तिथे आहे. दिल्लीत पेटंटच्या अपिलांना सी.ए.(कॉम.आयपीडी-पॅट) असा स्वतंत्र प्रकार आहे, उल्लंघनाचे दावे सी.एस.(कॉम) मध्ये येतात. हे प्रकार ओळखता यायला लागले की कॉज लिस्टमधूनही (सुनावणीच्या रोजच्या यादीतूनही) पुढे काय येणार ते दिसतं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या ई-एससीआर या साइटवर मोफत आहेत, आणि २०२३ पासून न्यूट्रल सायटेशन (न्यायालयानं स्वतःच दिलेला क्रमांक) आल्यामुळे कुठल्या रिपोर्टरचा (निकाल छापणाऱ्या मालिकेचा) आकडा द्यायचा ही डोकेदुखी कमी झाली. जुन्या निकालांत ती आहेच. बिश्वनाथ प्रसाद हा आपल्याकडचा मूलभूत निकाल १९७८ चा, पण एआयआर या रिपोर्टरमध्ये तो १९८२ खाली छापलाय. दोन वेगळे निकाल आहेत असं समजून दोन नोंदी करणारे मी पाहिलेत.

आता खरा खड्डा. यावर जरा जास्तच बोलणार आहे, कारण मी स्वतः यात पडले होते.

आम्हा सायन्सवाल्यांना शोधनिबंध वाचायची सवय असते. एखादा निबंध मागे घेतला गेला, तर जर्नल त्याच्या प्रत्येक पानावर आडवा शिक्का मारतं. निकालावर असा शिक्का कुणी मारत नाही. उलटवला गेलेला निकालही त्याच पत्त्यावर, त्याच अक्षरांत, तितक्याच रुबाबात उभा असतो.

उदाहरण घ्या बोहरिंगर इंगेलहाइमचं. १२ जुलै २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठानं (एकाच न्यायमूर्तींनी) सांगितलं की डिव्हिजनल अर्ज करायचा तर एकापेक्षा जास्त शोध मूळ अर्जाच्या क्लेम्समध्येच दिसले पाहिजेत. नुसते स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनात, असून भागणार नाही. निकाल गाजला. लेख आले, वेबिनार झाले, हिअरिंगच्या नोटिसांमध्ये तो झळकू लागला. नंतर सिन्जेन्टाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींना ते पटलं नाही, त्यांनी प्रश्न खंडपीठाकडे (दोन न्यायमूर्तींकडे) पाठवला, आणि १३ ऑक्टोबर २०२३ रोजी खंडपीठानं बोहरिंगरचं म्हणणं चूक ठरवलं. एकापेक्षा जास्त शोध असायला हवेत, अर्जदारानं आपणहून डिव्हिजनल केला असला तरी हवेत, पण ते स्पेसिफिकेशनमध्ये उघड केलेले असले तरी पुरे.

मी त्यानंतर बोहरिंगर वाचला आणि तो धरून 'डिव्हिजनल शक्य नाही' अशी टिपणी तयार केली. कळवण्याआधी सीनियर मॅडमनी पाहिली म्हणून निभावलं. डिव्हिजनल अर्ज मूळ पेटंट मंजूर होण्याआधीच करावा लागतो. एकदा मंजुरी झाली की ती वाट कायमची बंद, मग तुमचं कायद्याचं ज्ञान कितीही सुधारो.

हे का घडलं ते नीट बघा. मी केस स्टेटस तपासलं होतं! तिथे 'निकाली' असं लिहिलेलं होतं आणि मी निश्चिंत झाले. पण 'निकाली' याचा अर्थ त्या क्रमांकाची फाइल बंद झाली, इतकाच. अपील झालं तर त्याला नवा क्रमांक मिळतो, प्रकारही बदलतो. दिल्लीत खंडपीठाकडचं अपील एलपीए या प्रकारातलं असेल किंवा एफएओ(ओएस)(कॉम) या. जुन्या क्रमांकाच्या भरवशावर बसलात तर ते निसटू शकतं. म्हणून लोक सांगतात, पक्षकाराच्या नावानं शोधा. ठीक आहे, शोधाच. नोव्हार्टिस आणि नॅटको यांच्यातला प्री-ग्रँट (मंजुरीआधीच्या) विरोधाचा वाद अशा शोधात सापडतो, कारण एकलपीठाचा निकाल फिरवणारा ९ जानेवारी २०२४ चा खंडपीठाचा निर्णय त्याच दोघांमधला आहे, एलपीए क्रमांकाखाली. पण बोहरिंगरचं मत पडलं ते सिन्जेन्टाच्या प्रकरणात. पक्षकार वेगळा, क्रमांक वेगळा. बोहरिंगरचं नाव टाकून कितीही खोदलंत तरी सिन्जेन्टा समोर येईलच याची खात्री नाही.

म्हणजे तपासणी तीन अंगांनी करावी लागते: क्रमांकानं, नावानं आणि मुद्द्यानं. मुद्द्याची तपासणी इंडियन कानूनवर सोपी आहे. निकालाच्या वरच 'साइटेड बाय' असा दुवा असतो. तो उघडा, सर्वांत अलीकडचे वर आणा, आणि त्यातले खंडपीठाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे आधी बघा. प्रत्येक निकाल पूर्ण वाचायची गरज नाही. आपल्या निकालाचं नाव कुठे आलंय तो परिच्छेद आणि त्याच्या पुढचे दोन परिच्छेद वाचा. 'सहमत नाही', 'वेगळं ठरवतो', 'योग्य कायदा सांगत नाही' अशा अर्थाचं काही दिसलं की थांबा आणि मग सगळं वाचा. एक सावधगिरी: नाव वेगळ्या स्पेलिंगनं आलं असेल तर 'साइटेड बाय'ची यादी अपुरी राहू शकते. म्हणून कलम आणि दोन-तीन कळीचे शब्द टाकून एक वेगळा शोधही घ्याच. मनुपात्रा किंवा एससीसी ऑनलाइन या निकालांच्या सशुल्क साइटवर पुढच्या निकालांनी काय केलं याच्या खुणा दिलेल्या असतात. कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळत असेल तर वापरा. पण खूण नाही म्हणून निकाल शाबूत, असं धरू नका.

घाबरवतेय असं वाटत असेल. तसं नाही. सवय झाली की एका निकालाला थोडाच वेळ लागतो, आणि ही तपासणी करणारा ज्युनिअर ऑफिसात लगेच नजरेत भरतो, कारण बरेचसे करत नाहीत.

आता शॉर्टकटबद्दल माझी मतं, पटली तर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी 'ऐतिहासिक निकाल' छाप पीडीएफ मी उघडतच नाही. लाइव्ह लॉ, बार अँड बेंच बातमी कळण्यासाठी उत्तम, पण मथळ्यावरून कायदा शिकू नका. स्पायसीआयपी हा बौद्धिक संपदेवरचा ब्लॉग मात्र वाचा. शमनाद बशीर यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं हे व्यासपीठ ते गेल्यानंतरही नेटानं चालू आहे, आणि तिथे निकालाशी भांडणारे लेख असतात. भांडण वाचल्यावर मुद्दा डोक्यात बसतो, सारांश वाचून बसत नाही. एआयला सारांश विचारायचा तर विचारा, पण त्यानं दिलेलं प्रत्येक सायटेशन मूळ साइटवर उघडून बघा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात सादर केले आणि ५,००० डॉलर दंड भरला.

आणि सीनियरबद्दल. निकाल फॉरवर्ड करून 'वाच' म्हणणारा सीनियर म्हणजे मार्गदर्शक नव्हे. 'यातलं कुठलं वाक्य न्यायालयाचं आणि कुठलं वकिलाचं?' असं विचारणारा मिळाला तर त्याला सोडू नका. आपल्याकडच्या निकालात पानंच्या पानं दोन्ही बाजूंचे युक्तिवाद असतात, आणि नवखा माणूस हमखास त्यातलंच एखादं सुंदर वाक्य उचलून 'न्यायालयानं म्हटलं' म्हणून चिकटवतो. विश्लेषण कुठे सुरू होतं ते आधी शोधा.

औषधांच्या प्रकरणांत आणखी एक बघा, की निकाल अंतरिम आहे का. गाजलेले बरेच निकाल तात्पुरत्या मनाईच्या टप्प्यावरचे असतात. डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधावरून अ‍ॅस्ट्राझेनेका आणि इंटास यांच्यात झालेला २०२१ चा खंडपीठाचा निर्णय असाच. तिथे न्यायालय 'प्रथमदर्शनी' बोलत असतं. उपयोग करा, पण 'पेटंट रद्द ठरलं' असं लिहू नका.

न्यायालय कुठलं, हेही विसरू नका. अर्ज चेन्नई कार्यालयात असेल तर अपील मद्रासला जाणार, आणि तिथे दिल्लीचा निकाल मन वळवायला चालतो, बांधून ठेवत नाही. सिन्जेन्टालाही हेच लागू.

कंट्रोलरचे आदेश इनपासवर, म्हणजे पेटंट कार्यालयाच्या शोध-साइटवर, मिळतात. अर्जाचा क्रमांक टाकून कागदपत्रं उघडली की एफईआर, उत्तर, हिअरिंगची नोटीस, निर्णय, सगळं ओळीनं दिसतं. हे आदेश कुणावर बंधनकारक नसतात, पण उच्च न्यायालयाचा निकाल वाचताना मूळ आदेश शेजारी उघडून ठेवा. कंट्रोलरनं नेमकी काय चूक केली होती ते तेव्हाच कळतं. २०२२ च्या अ‍ॅग्रीबोर्ड निकालात न्यायालयानं सांगितलं की शोधात नावीन्यपूर्ण पायरी नाही म्हणायचं तर आधीचं ज्ञान, अर्जातला शोध आणि त्या क्षेत्रातल्या जाणकाराला तो का सुचला असता, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी. तुमच्या हातातला आदेश या कसोटीवर लावून बघा, अपिलाचा पहिला मुद्दा बहुधा तिथेच मिळतो.

परदेशी निकाल पहिल्या वर्षी फार नकोत. लागलेच तर युरोपियन पेटंट ऑफिसच्या अपील मंडळांचे निर्णय त्यांच्याच साइटवर मोफत शोधता येतात, जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या युनिफाइड पेटंट कोर्टाचे आदेशही तसेच. अमेरिकेसाठी कोर्टलिसनर आणि गुगल स्कॉलर या मोफत साइट पुरतात. फेडरल सर्किटचा (तिथल्या पेटंट अपिलांच्या न्यायालयाचा) निकाल 'नॉनप्रिसिडेन्शियल', म्हणजे पुढच्या प्रकरणांवर बंधनकारक नसलेला, असेल तर पहिल्या पानावर तसं छापलेलं असतं, तेवढं बघून मगच पुढे वाचा.

शेवटी, स्वतःची एक साधी शीट ठेवा. निकालाचं नाव, तारीख, न्यायालय, एकलपीठ की खंडपीठ, कलम, कुठला परिच्छेद, अंतरिम की अंतिम, मूळ पीडीएफचा दुवा. सारांशाचा रकाना दोन ओळींपेक्षा मोठा करू नका, नाहीतर शीट भरायचा कंटाळा येतो आणि ती महिनाभरात बंद पडते. माझ्या आधीच्या शीट तशाच बंद पडल्या. एक रकाना मात्र हवाच: 'शेवटचं कधी तपासलं'. लेखी म्हणणं दाखल करायच्या दिवशी सकाळी त्यात वापरलेल्या प्रत्येक निकालासमोर त्या दिवसाची तारीख पडली पाहिजे.