भातासाठी निळे-हिरवे शेवाळ: उन्हाळ्यात घरी करा, लावणीनंतर टाका

भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्यावर जो निळसर-हिरवा तवंग दिसतो, त्यातले काही जीव हवेतला नत्र (नायट्रोजन) धरतात. शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी 1939 मध्येच भातशेतीच्या संदर्भात हे दाखवून दिलं होतं. नॉस्टॉक, ॲनाबीना, ऑलोसिरा, टॉलिपोथ्रिक्स ही त्यातली कामाची नावं. पण हा उपाय साचत्या पाण्याचा आहे. ज्वारी, तूर, कापूस यांच्या कोरड्या रानात टाकण्यासाठी यावर पैसे घालवू नका.

तयारी मार्च ते मे या महिन्यांत करा. कडक ऊन असतं आणि पावसाआधी माल वाळून हाती येतो. भर उन्हाच्या जागी 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि सुमारे 20 सेंटिमीटर खोल वाफा खणून त्यात जाड प्लॅस्टिक अंथरा. 8 ते 10 किलो चाळलेली शेतातली माती पसरा. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी असते आणि आम्ल पाण्यात हे शेवाळ नीट वाढत नाही. म्हणून माती भिजवून आधी थोडी चुन्याची पूड मिसळा आणि पाण्याचा सामू (pH) 7 ते 8 च्या दरम्यान आला की नाही ते सामू-पट्टीने पाहा. त्यानंतर 200 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट घाला. चुना आणि सुपर एकाच वेळी टाकलं तर स्फुरद चुन्यात अडकून बसतं, म्हणून मध्ये एखादा दिवस जाऊ द्या.

आता 10 ते 15 सेंटिमीटर पाणी भरा, ढवळा आणि गाळ बसू द्या. पाणी निवळलं की कृषी विद्यापीठातून किंवा खात्रीच्या प्रयोगशाळेतून आणलेलं सुमारे 250 ग्रॅम शेवाळाचं विरजण पृष्ठभागावर भुरभुरा. त्यानंतर अजिबात ढवळू नका; गढूळ पाण्यात उजेड खाली पोचत नाही. तळ्यावरचा हिरवा थर उचलून विरजण म्हणून वापरणं धोक्याचं आहे. त्यात बरेचदा मायक्रोसिस्टिस असतं. ते नत्र धरत नाहीच, शिवाय त्याच्या काही जाती विषारी असतात.

वाफ्यात युरिया किंवा शेणकाला घालण्याचा मोह होतो. तो टाळाच. तयार नत्र मिळालं की हे शेवाळ हवेतला नत्र धरणं सोडून देतं आणि हिरव्यागार, लांब तंतूंचं दुसरंच शेवाळ माजतं. तसे तंतू दिसले तर हाताने काढून टाका. थर विरळ होत चालला आणि पाण्यात बारीक किडे वळवळताना दिसले, तर ते शेवाळ खात आहेत, डासांच्या अळ्याही त्यांत असतात. 5 टक्के निंबोळी अर्क शिंपडा.

उन्हाने आटेल तेवढं पाणी संध्याकाळी हळूच भरत राहा. 10 ते 15 दिवसांत जाड थर धरतो. मग पाणी देणं बंद करा. वाफा सुकला की मातीसह पापुद्रे सुटतात, ते खरवडून गोळा करा. एका वाफ्यातून साधारण दीड-दोन किलो माल मिळतो. पुन्हा पाणी आणि सुपर घालून त्याच वाफ्यातून आणखी दोन-तीन खेपा निघतात. पापुद्र्यांबरोबर गेलेली माती मात्र भरून काढावी लागते. पूर्ण वाळलेले पापुद्रे पिशवीत, रासायनिक खतांपासून दूर ठेवा.

शेतात मात्रा एकरी 4 किलो, म्हणजे गुंठ्याला 100 ग्रॅम. लावणीनंतर 7 ते 10 दिवसांनी, 3 ते 5 सेंटिमीटर पाणी साचलेलं असताना फोका. जास्त पडलं तरी अपाय नाही. पुढचे 10-12 दिवस खाचर कोरडं पडू देऊ नका. कोकणात नेमकी उलटी अडचण असते: मुसळधार पावसात सगळे पापुद्रे बांधावरून वाहून जातात. म्हणून उघडीप पाहून टाका आणि पाणी निघण्याच्या तोंडाला बारीक जाळी लावा. युरियाचा हप्ता किंवा तणनाशक त्याच दिवशी देऊ नका.

धरलेला बराचसा नत्र शेवाळ मरून कुजल्यावर पिकाला मिळतो, त्यामुळे आठवडाभरात पान गर्द हिरवं होईल अशी अपेक्षा ठेवू नका. हेक्टरी 25 ते 30 किलो नत्राची बचत होऊ शकते. एकरी पाहिलं तर युरियाची सुमारे अर्धी गोणी. ही कपात पहिल्या वर्षी एकाच खाचरात करून पाहा आणि शेजारच्या खाचरात पूर्ण मात्रा द्या. कपात नंतरच्या हप्त्यात करा, लावणीच्या वेळच्या हप्त्यात नको.