भिंतीबाहेर माणूस चढण्याआधी: एसीची देखभाल आणि विम्याचा कागद

आमच्याकडे ठाण्यात होळी उलटली की एसीवाल्याची तारीख मिळता मिळत नाही. म्हणून मी घरातले दोन्ही एसी फेब्रुवारीतच तपासून घेते. ते कसं करते हे सांगणारच आहे, पण लिहायला बसले ते दुसऱ्या कारणानं. मी एकतीस वर्षं सर्वसाधारण विम्याच्या कंपनीत नोकरी केली, त्यातली बरीचशी दाव्यांच्या विभागात. दुसऱ्या मजल्यावर एसीचं बाहेरचं युनिट बसवताना पडून मरण पावलेल्या एका माणसाची फाइल माझ्या टेबलावर आली होती. ठेकेदाराकडे पॉलिसी होती, हप्ता वेळेवर भरलेला होता. पण कामाच्या वर्णनात ‘वर्कशॉपमधील फॅब्रिकेशन’ आणि ठिकाणाच्या रकान्यात त्याच्या गाळ्याचा पत्ता. दावा बसला नाही. त्या माणसाची बायको पॉलिसीची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आली होती. तिला ते समजावून सांगणं माझ्या वाट्याला आलं. तेव्हापासून माझ्या घरात कुणी स्क्रू-ड्रायव्हर काढण्याआधी मी कागद मागते.

घरच्या घरी होण्यासारखं

एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, पूर्ण कोरडी झाल्यावरच बसवा. आमच्यासारखं घोडबंदरच्या वाहत्या रस्त्यालगत घर असेल तर दर आठवड्याला. जाळी तुंबली की हवा कमी फिरते, आतली कॉइल गोठते आणि मग बर्फ वितळून भिंतीवर ओघळ येतात. पुष्कळदा लोक ज्याला ‘एसी गळतोय’ म्हणतात ते एवढंच असतं. दुसरं कारण म्हणजे ड्रेन पाइपात साचलेलं शेवाळ. पाइपाचं बाहेरचं टोक एकदा बघा. एसी तासभर चालू असताना, विशेषतः दमट दिवसांत, तिथून थेंबही पडत नसेल तर पाणी आत अडतंय.

तापमान चोवीसवर ठेवा. स्टार लेबल असलेल्या खोलीच्या एसींना २०२० पासून कारखान्यातूनच चोवीस लावून येतं, ते कारण असल्याशिवाय बदलू नका. वर छताचा पंखा हळू सोडला की पंचवीस-सव्वीसलाही झोप छान लागते.

बाहेरच्या युनिटला मात्र स्वतः हात लावू नका. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, काही वेळ वीज शिल्लक असते. खिडकीतून वाकून त्यावर पाण्याची नळी धरणारे शेजारी मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी ओरडले आहे. खिडकीतून बघायचं ते एवढंच: स्टँडचे अँगल गंजलेत का, भिंतीतले फास्टनर सैल झालेत का. आमच्याकडे खाडीची खारी हवा आहे, लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत सोलायला लागतं. अँगलची पापुद्री निघत असेल तर सर्व्हिसिंगच्या आधी स्टँड बदलायचा. उतरवताना त्याच स्टँडवर माणसाचा भार येतो.

‘गॅस कमी झालाय, काकू’

हे वाक्य दरवर्षी ऐकावं लागतं. एसीतला गॅस बंद नळ्यांत फिरत असतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तेच बिल पुन्हा. म्हणून तीन गोष्टी विचारा. गेजवर प्रेशर किती आहे ते दाखव. नायट्रोजन भरून गळती शोधणार का? भरण्याआधी नळ्यांतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावणार का? ज्याच्याकडे पंपच नाही त्याला गॅसचं काम देऊ नका, नुसतं धुण्याचं द्या.

युनिटच्या नेमप्लेटवर गॅसचा प्रकार लिहिलेला असतो. हल्लीच्या बहुतेक एसींत आर-३२ असतो, काहींत आर-२९०. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. नळीत गॅस असताना ब्रेझिंगचा, म्हणजे नळ्या तापवून जोडण्याचा, टॉर्च पेटवायचा नाही, दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि खोलीत देवाचा दिवाही नको. मेकॅनिक बहुतेक वेळा तरुण मुलगा असतो. त्याला हे माहीत असलं तरी तीन घरं उरकायची घाई असते. आपण ‘सावकाश कर’ म्हटलं की तो खरंच सावकाश करतो.

कागद मागायचा तो कुठला

फोनवर दर विचारतानाच विचारा: ‘तुमच्या माणसांचा विमा आहे का? पॉलिसीची प्रत पाठवा.’ उत्तर साधारण ठरलेलं असतं: ‘अहो मॅडम, इतकी वर्षं करतोय, कधी काही झालं नाही.’ त्यावर चिडू नका, वादही घालू नका. प्रत आली की तारीख ठरवू, एवढंच सांगा.

प्रत येते तेव्हा नीट बघा, कारण लोक हातात असेल ते पाठवतात. गाडीचा विमा येतो, स्वतःचा आरोग्यविमा येतो, एकदा मला दुकानाच्या आगीची पॉलिसी आली. तुम्हाला हवी ती कामगार नुकसानभरपाईची, बाजारात जिला अजून ‘वर्कमेन कॉम्पेन्सेशन’ किंवा ‘डब्ल्यूसी’ म्हणतात. मूळ कायदा १९२३ चा, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ठेकेदाराकडे दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार मर्यादेत बसत असतील तर ईएसआयसीची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, नोंदणी असायला हवी, तीही चालते. पण आपल्याकडे येतात ते चार-पाच माणसांचे ठेकेदार. त्यांना ही पॉलिसीच लागते.

पहिल्या पानावर नाव जुळतंय का बघा. बिल ज्या नावानं देणार, पॉलिसीही त्याच नावानं हवी. मुदत कामाच्या दिवशी चालू हवी. कामाच्या वर्णनात एसी बसवणं आणि दुरुस्ती असा स्पष्ट उल्लेख हवा आणि ठिकाणात केवळ गाळ्याचा पत्ता नको, ग्राहकांच्या जागाही याव्यात. माझ्या टेबलावरची ती फाइल याच दोन ओळींवर अडली होती. मग माणसांची संख्या: पॉलिसीत दोन लिहिलेत आणि तुमच्या दारात चौघं उभे असतील तर उरलेले दोघं कुणाचे ते विचारा. दुसऱ्याकडून उसने आणलेले असतील तर पोटठेकेदाराच्या माणसांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. उपचाराचा खर्चही जोडून घेतला असेल तरच मिळतो. पाय मोडला तर प्लास्टरचं बिल कोण भरणार, हे त्या एका ओळीवर ठरतं.

हप्त्याची पावतीही मागा. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे हप्ता आधी जमा झाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. शंका असेल तर पॉलिसीवरचा नंबर न लावता कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर लावून पॉलिसी क्रमांक तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

रक्कम किती मोठी असते याची कल्पना यावी म्हणून हिशेब मांडते. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. २०२० पासून या हिशेबात वेतन जास्तीत जास्त १५,००० धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, पंधरा लाख एकोणसाठ हजार आठशे पन्नास रुपये. छोटा ठेकेदार एवढी रक्कम उभी करू शकत नाही. मग घरच्यांच्या हाती भरपाईचा नुसता हुकूम राहतो, आणि जबाबदार कोण या वादात सोसायटीलाही ओढलं जातं.

‘पण आमच्या घराचा विमा आहे’ असं मला बरेच जण सांगतात. भारत गृह रक्षा ही एप्रिल २०२१ पासूनची प्रमाण पॉलिसी चांगली आहे, जरूर घ्या. आग, पूर, फुटलेली पाइप, यांतलं तुमचं नुकसान ती भरून देते. भिंतीवरून पडलेल्या ठेकेदाराच्या माणसाचं काही ती पाहत नाही. ॲपवरून माणूस बोलावणार असाल तर अटींमध्ये दोन वेगळ्या गोष्टी शोधा: तुमच्या वस्तूंचं नुकसान आणि त्या माणसाचा अपघात. पहिली ठळक लिहिलेली असते, दुसरी शोधावी लागते.

विम्यासकट काम घेतलं की दर थोडा चढतो. मी तो घासाघीस न करता देते. वर्षभराचा हप्ता त्याला अशाच कामांतून काढायचा असतो.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी

एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डावरची एसीची कळ, खाली पाडा, नुसता रिमोट बंद करून भागत नाही. बाहेर जाणाऱ्या माणसाच्या अंगावर पूर्ण हार्नेस, म्हणजे खांद्यापासून मांड्यांपर्यंतचे सुरक्षा पट्टे, हवा, कमरेचा पट्टा नको. दोर खिडकीच्या ग्रिलला बांधू देऊ नका. ग्रिल चार स्क्रूंवर उभी असते. आमच्या घरी तो आत हॉलच्या खांबाला बांधतात, आणि दुसरा माणूस तिथून हलत नाही. खाली वॉचमनला सांगून पार्किंगचा तेवढा तुकडा मोकळा ठेवायचा. पाऊस असेल किंवा भिंत ओली असेल तर काम दुसऱ्या दिवशी. उकाडा एक रात्र सोसता येतो. आणि मुलाला आधी पाणी द्या, बसू द्या. तो चौथ्या मजल्यावर येईपर्यंत आणखी कुठे कुठे चढून आलेला असतो.

गेल्या वर्षी आलेल्या मुलाला मी विचारलं, तुझा स्वतःचा काही विमा? नव्हता. त्याच्या बँकेच्या ॲपमध्येच प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजना होती: वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख, वय अठरा ते सत्तर. ठेकेदाराच्या पॉलिसीची जागा ती घेत नाही, पण ती त्याची स्वतःची असते आणि काम बदललं तरी त्याच्याबरोबर जाते. चहा होईपर्यंत त्यानं अर्ज भरला, वारसदार म्हणून आईचं नाव टाकलं. हिचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे मेच्या शेवटी खात्यातून आपोआप कापले जातात. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला मेमध्ये एक फोन करून विचारा, खात्यात तेवढे वीस रुपये आहेत ना.